मोंबासात गाडी सोडवताना होणारी लूट मुंबईतच ठरलेली असते

न्हावा शेवाहून केनियातल्या मोंबासाला गाडी पाठवून पुढे टांझानिया, झांबिया, बोट्स्वाना करत केप टाउन गाठायचं, असा बेत करणाऱ्यांना एका ठरलेल्या पद्धतीने लुबाडलं जातं. मुंबईत जहाजाचं भाडं नवल वाटावं इतकं कमी सांगतात. जहाज मोंबासाच्या किलिंदिनी बंदरात लागलं की तिथल्या एजंटाचं बिल येतं आणि ते मूळ भाड्याच्या कितीतरी पट असतं. तोवर विमानाची तिकिटं, व्हिसा, रजा सगळं पक्कं झालेलं असतं. गाडी गोदामात अडकलेली, रोजचं भाडं चढतंय. घासाघीस करायला हातात काहीच नसतं, म्हणून माणूस मुकाट्याने पैसे भरतो.

लोक मोंबासातल्या एजंटाला शिव्या देतात. पण गाडी त्याच्या हातात कशी गेली, हे मुंबईत बिल ऑफ लेडिंगच्या (बीएल, म्हणजे माल जहाजावर चढल्याचा आणि तो कोणाला द्यायचा हे सांगणारा कागद) मसुद्यावरच ठरलेलं असतं. हा मसुदा मंजुरीसाठी ईमेलने येतो. बहुतेक जण चॅसी नंबर तपासतात आणि 'ओके' लिहून मोकळे होतात. खरं तर सगळ्या व्यवहारात सर्वात जास्त वेळ द्यायचा तो याच पानाला.

कन्साइनीच्या, म्हणजे माल घेणाऱ्याच्या, रकान्यात तुमचं नाव हवं, पासपोर्टवर आहे तसं, अक्षरन् अक्षर. 'तिकडे सोपं पडतं' म्हणून तिथे मोंबासाच्या एजंटाचं नाव टाकू दिलंत, तर कागदोपत्री गाडी ताब्यात घेण्याचा हक्क त्याचा झाला. त्याचं नाव फार तर नोटिफाय पार्टीत, म्हणजे जहाज आल्याचं ज्याला कळवायचं त्या रकान्यात, चालेल. भाडं इथे भरलं असेल तर 'फ्रेट प्रीपेड' छापलेलं हवं. तिथे 'कलेक्ट' (भाडं पोचल्यावर घ्यायचं) राहिलं की तेच भाडं मोंबासात पुन्हा मागितलं जातं.

मग बघायचं की बीएल खुद्द शिपिंग लाइनचं, म्हणजे जहाज कंपनीचं, आहे की फॉरवर्डरचं, म्हणजे माल पाठवून देणाऱ्या मध्यस्थाचं, हाउस बीएल. हाउस बीएलवर डिलिव्हरीसाठी कोणाकडे जायचं त्या एजंटाचं नाव असतं आणि तुमच्या गाडीची डिलिव्हरी ऑर्डर (गाडी सोडण्याचा आदेश) त्याच्याकडूनच मिळते. लाइनच्या ऑफिसात जाऊन उपयोग नाही, कारण त्यांनी फॉरवर्डरला दिलेल्या मास्टर बीएलवर तुमचं नावच नसतं. एका मोटरसायकलसाठी अख्खा डबा (कंटेनर) परवडत नाही, त्यामुळे हाउस बीएल टाळता येत नाही, हे खरं. पण मग त्या एजंटाकडूनच मोंबासातल्या सगळ्या खर्चाचा आकडा, प्रत्येक बाब वेगळी दाखवून, डबा भरण्याआधी लेखी घ्यायचा. मुंबईचा फॉरवर्डर 'तिकडचं नाममात्र असतं' म्हणाला तर काम तिथेच थांबवा. भारतातून मल्टिमोडल, म्हणजे जहाज, रस्ता अशा एकाहून जास्त साधनांच्या वाहतुकीचा, कागद काढणाऱ्याची १९९३ च्या कायद्याखाली नौवहन महासंचालनालयाकडे एमटीओ (मल्टिमोडल ट्रान्सपोर्ट ऑपरेटर) म्हणून नोंदणी लागते. तो नंबरही मागून तपासा.

भाडं इतकं कमी का असतं, याचं कारण साधं आहे. एलसीएलमध्ये, म्हणजे अनेकांचा माल एकाच डब्यात जातो तेव्हा, इथला कन्सॉलिडेटर, म्हणजे तो डबा भरणारा, भाडं पाडून माल गोळा करतो. तो माल मिळाल्याबद्दल तिकडचा जोडीदार त्याला घनमीटरमागे पैसे परत देतो आणि ते तुमच्याकडून वसूल करतो. म्हणून तिथल्या बिलात 'डीस्टफिंग' आणि 'अनपॅकिंग' अशी डबा रिकामा करण्याच्या एकाच कामाची दोन नावं दिसतात. 'हँडलिंग', 'अ‍ॅडमिन', 'डॉक्युमेंटेशन' अशा ओळी दिसतात, ज्यांचं काम कोणीच दाखवू शकत नाही.

हे सगळं घनमीटरवर चालतं, त्यामुळे क्रेटचं माप हाच बिलाचा पाया. १ घनमीटर म्हणजे १००० किलो असा हिशोब लावून, माप आणि वजन यांत जे जास्त भरेल ते धरतात. मोटरसायकलला नेहमी घनमीटरच लागू पडतं. पुढचं चाक, हँडलबार, आरसे आणि विंडस्क्रीन काढून केलेला क्रेट २.२ × ०.९ × १.२५ मीटर धरा: २.४७५ घनमीटर. तीच गाडी चाकासकट उभी ठेवली की २.४ × १.० × १.४, म्हणजे ३.३६. आता मोंबासात कोणी 'आमच्या मापाने ४ भरतं' म्हणाला, तर तुमच्याकडे काय पुरावा आहे? मापं क्रेटच्या दोन बाजूंना रंगाने लिहा, टेप लावलेला फोटो काढा आणि तोच आकडा बीएलवर आलाय ना, ते बघा. तिघे-चौघे एकत्र निघत असाल तर एलसीएलच्या भानगडीत न पडता वीस फुटी डबा घ्यावा आणि बीएल थेट लाइनचं मागावं. डबा आतून साधारण ५.९ मीटर लांब, २.३५ मीटर रुंद असतो. दाराची उंची २.२८ मीटरच्या आसपास, म्हणून जीपचा रूफ टेंट उतरवावा लागतो. अख्ख्या डब्यासाठी लाइन परत मिळणारं डिपॉझिट घेते. त्याची पावती तुमच्या नावावर नसेल आणि रिकामा डबा लाइनला परत दिल्याची पावती (इंटरचेंज) हातात नसेल, तर ते पैसे एजंटाच्या खिशात जातात.

वेळकाढूपणा हाही लुटीचाच भाग आहे. जहाज लागल्यावर दोन घड्याळं चालू होतात: बंदराचं किंवा सीएफएसचं (कंटेनर फ्रेट स्टेशन, म्हणजे डबे उतरवण्याचं गोदाम) स्टोरेज वेगळं आणि लाइनचं डेमरेज, म्हणजे डबा अडकवून ठेवल्याचं भाडं, वेगळं. दोन्हीचे मोफत दिवस निरनिराळे. एजंट 'सिस्टीम डाउन आहे', 'साहेब रजेवर आहेत' म्हणत ते दिवस संपू देतो. मोंबासात बंदराबाहेर खासगी सीएफएस आहेत. डबा कुठे उतरणार हे जहाज लागण्याआधीच विचारून ठेवा आणि मोफत दिवसांचे दोन्ही आकडे लेखी घ्या. मूळ बीएल कुरिअरमध्ये अडकलं तरी दिवस जातातच. पैसे चुकते करून मुंबईतच मूळ बीएल परत दिलं (सरेंडर) आणि मूळ कागदाशिवाय गाडी सोडा असा संदेश मोंबासाला गेला (टेलेक्स रिलीज), की हा प्रश्न मिटतो.

सरकारी देण्यांच्या नावाखाली होणारी लूट सर्वात संतापजनक. भारतीय गाडी वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनच्या कार्नेटवर, म्हणजे गाडीच्या कस्टम्स वहीवर, जाते. म्हणजे ती तात्पुरती आयात आहे, ड्यूटी भरायची नाही. तरीही आयडीएफ (इम्पोर्ट डिक्लरेशन फी), रेल्वे डेव्हलपमेंट लेव्ही अशी नावं बिलात घुसवली जातात. ही देणी देशात वापरासाठी कायमच्या आणलेल्या मालावरची आहेत. केनिया रेव्हेन्यू अथॉरिटीचं (केआरए, तिथलं करखातं) कुठलंही देणं पेमेंट रजिस्ट्रेशन नंबर असलेल्या स्लिपवरच भरलं जातं. स्लिप नाही तर पैसे नाहीत. एजंटाच्या वैयक्तिक एम-पेसा (मोबाइलवरून पैसे पाठवण्याची तिथली सेवा) नंबरवर तर एक शिलिंगही टाकू नका. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर येणारं नाव आणि बिलावरचं नाव एकच हवं. बिलावर एजंटाचा केआरए पिन, म्हणजे करनोंदणीचा नंबर, असतो, ११ अक्षरांचा, कंपनी असेल तर 'पी'ने सुरू होणारा. तो केआरएच्या आयटॅक्स या संकेतस्थळावरच्या पिन चेकरवर कोणालाही तपासता येतो. ऐन वेळी 'बँक खातं बदललंय' असा ईमेल आला, तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय हलू नका. हा ईमेल बहुधा हॅक झालेल्या खात्यातून आलेला असतो.

कार्नेटची मूळ वही एजंटाकडे सोडून हॉटेलवर येऊ नका. ती ओलीस धरून जादा पैसे मागतात. दुसरा धोका याहून मोठा आहे. वहीच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. खालचा भाग गाडी देशात येताना कस्टम्स फाडून घेतं, मधला बाहेर पडताना, आणि वरचा भाग दोन्ही वेळी शिक्का घेऊन वहीतच राहतो. घाईत एजंटाने शिक्क्याविनाच गाडी बाहेर काढली, तर टांझानियाच्या सीमेवर नमांगा किंवा लुंगा लुंगाच्या नाक्यावर ती देशात आल्याची नोंदच सापडत नाही. प्रकरण चिघळलं तर ड्यूटीची मागणी असोसिएशनकडे येते आणि तुमच्या बँक गॅरंटीतून वसूल होते. म्हणून वरच्या भागावर शिक्का, तारीख आणि सही आहे ना, हे कस्टम्सच्या खिडकीपाशीच बघायचं.

अख्खा डबा घेतला असेल तर दाराला लावलेल्या बोल्ट सीलचा नंबर बीएलवरच्या नंबराशी जुळवल्याशिवाय तो कापू देऊ नका. जुळला नाही तर तसं तिथेच लिहून घ्या. टूलकिट, टायर ट्यूब, क्लच केबल, पॅनिअरच्या (बाजूच्या पेट्यांच्या) चाव्या या वस्तू हमखास नाहीशा होतात. काही कमी असेल किंवा मोडलं असेल तर डिलिव्हरीच्या कागदावर शेरा लिहा आणि मगच सही करा. वरून न दिसणारं नुकसान नंतर सापडलं, तर समुद्री मालवाहतुकीच्या हेग नियमांप्रमाणे तीन दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. दावा लावायची मुदत एक वर्षाची.

एवढं करूनही पैसे भरावेच लागले, तर 'अंडर प्रोटेस्ट' (हरकत नोंदवून) लिहून भरा आणि ईटिम्सचं, म्हणजे केआरएच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतलं, बिल मागा, कारण खोट्या ओळी करखात्याच्या नोंदीत घालायला एजंट कचरतो. एजंट परवानाधारक असेल तर केआरएकडे तक्रार करता येते, तसंच कीफ्वा या केनियातल्या फ्रेट एजंटांच्या संघटनेकडेही. भारताचं सहायक उच्चायुक्तालय मोंबासातच आहे. ते बिल कमी करून देणार नाहीत, पण कागद घेऊन गेलात तर कुठल्या ऑफिसात कोणाला भेटायचं हे विचारता येईल. जाताना बीएल, आधी घेतलेला लेखी खर्च, बिल आणि पैसे भरल्याची पावती यांच्या प्रती तारखेप्रमाणे लावून न्या.