सांधेदुखी: सूज आवरायची की मज्जातंतू?
इन्फ्लिक्सिमॅब हे औषध आमवातात सूज भडकवणारं टीएनएफ हे प्रथिन अडवतं. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं, की औषध दिल्यावर २४ तासांतच मेंदूतली वेदनेशी निगडित सक्रियता घटते. सूज मात्र तेव्हा ओसरलेलीही नसते! म्हणजे ‘सुजेच्या’ औषधाचा परिणाम मेंदूत आधी दिसतो.

टॅनेझुमॅब या दुसऱ्या औषधाचा रोख थेट मज्जातंतूंवर. वेदना तीव्र करणारं एनजीएफ हे मज्जातंतूंच्या वाढीचं प्रथिन ते रोखायचं, तेही झिजेच्या संधिवातात. दुखणं कमी व्हायचं, पण काहींचे सांधे झपाट्याने खराब झाले. २०२१ मध्ये अमेरिकी औषध नियामकाच्या (एफडीए) सल्लागार समितीने १९ विरुद्ध १ मतांनी कौल विरोधात दिला. नंतर कंपन्यांनीच गाशा गुंडाळला.

आजार वेगळे, म्हणून थेट सामना नाही. तरी माझं झुकतं माप पहिल्यालाच. फक्त त्याने दबलेला क्षय जागा होऊ शकतो, म्हणून आधी क्षयाची तपासणी हवी, भारतात तर हवीच हवी.