क्यूजीआयएस: इंदूरच्या वाहनचोरीच्या नोंदींवर आठ महिन्यांचा वापर

क्यूजीआयएस हे नकाशे काढण्याचे सॉफ्टवेअर फुकट आहे, मुक्त स्रोताचे आहे, 2002 पासून वाढत आले आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालते. आपल्या भागातल्या दुचाकीचोऱ्यांमागची चाल ओळखायची असेल, तर रहिवासी संघाने किंवा विद्यार्थ्याने महागडे पॅकेज शोधण्याआधी हेच घ्यावे. आठ महिन्यांनंतरचे मत स्पष्ट आहे: नकाशाचे काम ते चोख करते, पण नोंद कच्ची दिली तर चोराची नव्हे, नोंद लिहिणाऱ्याची सवय नकाशावर उमटते.

सुरुवात वाहनचोरीपासूनच करावी. विम्याच्या दाव्याला एफआयआर लागते, म्हणून गाडी गेली की लोक ठाण्यात जातातच. मोबाइल किंवा पाकीट गेले तर बरेच जण जात नाहीत. अवैध दारूच्या केसेस तर पोलीस जिथे शोधतात तिथेच सापडतात. त्या नोंदींवरून काढलेला नकाशा गस्तीचा असतो, गुन्ह्याचा नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्णयामुळे संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर संकेतस्थळावर चढवल्या जातात. त्यातून तक्ता हाताने भरावा लागतो: ठाणे, कलम, घटना कधीपासून, कधीपर्यंत, ठाण्यात खबर कधी मिळाली, पत्ता, आणि ठाण्यापासूनचे अंतर व दिशा. फिर्यादीचे नाव व मोबाइल क्रमांक उतरवूच नयेत. घटनेची तारीख आणि खबरेची तारीख वेगळ्या रकान्यांत हव्यात, नाहीतर सुट्टीनंतरच्या दिवशी चोऱ्या वाढल्यासारख्या दिसतात.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. भादंविचे 379 आता 303(2) झाले आणि झडप घालून केलेल्या चोरीला 304 हे वेगळे कलम मिळाले. फक्त 379 वर गाळणी लावली तर जुलैपासून शहरातल्या चोऱ्या जवळजवळ संपल्याचे दिसेल! म्हणून ‘दुचाकीचोरी’, ‘घरफोडी’ असा स्वतःचा प्रकार-रकाना आधी करावा आणि गाळणी त्यावर लावावी.

मजकुराची डोकेदुखी वेगळीच. कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला पत्ता तक्त्यात चिकटवला की निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. तो आधी युनिकोडमध्ये बदलावा. एक्सेलमधून साधी सीएसव्ही काढली तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे येतात, म्हणून यूटीएफ-8 सीएसव्हीच निवडावी. भंवरकुआं या भागाच्या नावाची चार लेखने एकत्र करावीत. पण जुना पलासिया आणि न्यू पलासिया चुकून एक करू नयेत.

यापुढचा सापळा सर्वांत मोठा. पत्ता कळला नाही की जिओकोडर (पत्त्यावरून अक्षांश-रेखांश काढणारी सेवा) बऱ्याचदा फक्त ‘इंदूर’ ओळखतो आणि शहराचा मध्यबिंदू देतो. अशा शंभर नोंदी एकावर एक बसल्या की तिथे भडक लाल डाग उठतो, आणि तो पूर्ण खोटा असतो. उपाय सोपा आहे: अक्षांश-रेखांशाची तीच जोडी किती वेळा आली ते मोजा, आणि पाचापेक्षा जास्त वेळा आलेली प्रत्येक जोडी हाताने तपासा. एफआयआरमधले ‘थाने से दूरी और दिशा’ इथे कामी येते. पूर्वेला 2 किमी लिहिले असताना बिंदू पश्चिमेला पडला, तर तो चुकलेला. नॉमिनॅटिम या जिओकोडरची सार्वजनिक सेवा सेकंदाला एकच विनंती घेते. घाई केल्यास ती बंद होते.

आता क्यूजीआयएसमध्ये. बिंदू ईपीएसजी 4326 या निर्देशांक-प्रणालीत येतात, म्हणजे अंशांत. ‘रिप्रोजेक्ट लेयर’ने ते मीटरमध्ये मोजणाऱ्या 32643 मध्ये घ्या, फक्त प्रोजेक्टची प्रणाली बदलून थराची बदलत नाही, नवशिके इथेच अडकतात. (ग्वाल्हेर 78 अंश पूर्वेच्या पलीकडे असल्याने तिथे 32644.) मग बिंदूंची दाटी रंगात दाखवणारे ‘हीटमॅप, कर्नल डेन्सिटी एस्टिमेशन’: त्रिज्या 400 मीटर, पिक्सेल 50 मीटर. राजवाडा-सराफ्याच्या गल्ल्यांत 200 ते 250 पुरते. 1500 ठेवली तर राजवाड्यापासून सरवटे बसस्थानकापर्यंत एकच लाल गोळा होतो, त्यावरून कुठे उभे राहायचे ते कळत नाही. पिक्सेल 5 मीटर करू नये: 25 किमी बाय 25 किमीच्या चौकटीत पेशी 2.5 लाखांवरून 2.5 कोटींवर जातात आणि 4 जीबीचा लॅपटॉप गारठतो. बसस्थानकापाशी गाड्याच जास्त उभ्या असतात, म्हणून तिथला डाग वाचण्याआधी पार्किंगची मोजणी करून दर काढावा.

वेळेचा भाग खरा मोलाचा, आणि नेमकी त्याची तयार कळ सॉफ्टवेअरमध्ये नाही. रात्री 10 ला लावलेली गाडी सकाळी 6 ला दिसली नाही, तर चोरी कधी झाली? मधला क्षण धरला तर अशा सगळ्या चोऱ्या पहाटे 2 वाजता जमा होतात, आणि पहारेकरी चुकीच्या तासाला जागतो. त्याऐवजी एका चोरीचे वजन तासांत वाटावे: आठ तासांना प्रत्येकी 0.125. बाजारात संध्याकाळी 7 ते 9 मध्ये गेलेली गाडी प्रत्येक तासाला 0.5 देते. तक्त्यात 24 रकाने करून बेरीज घ्यावी. ‘कधीपासून’ ते ‘कधीपर्यंत’ची खिडकी 24 तासांहून मोठी असेल तर ती नोंद नकाशावर ठेवावी, तासांच्या हिशेबातून काढावी. या पद्धतीला एओरिस्टिक विश्लेषण म्हणतात.

घरफोडीसाठी आणखी एक तपासणी करावीच. एका घरात चोरी झाल्यावर शेजारच्या घरांचा धोका काही दिवस वाढलेला असतो. 200 मीटर आणि 14 दिवसांच्या आत पडणाऱ्या जोड्या मोजा, मग तारखा 999 वेळा पिसून पुन्हा मोजा. खरी संख्या पिसलेल्यांपेक्षा स्पष्ट वर राहिली, तर सुदामा नगरसारख्या वस्तीत पहिल्या दोन आठवड्यांचा जागता पहारा सार्थकी लागेल.

‘उद्या गुन्हा इथे होईल’ असे सांगण्यासाठी मात्र हे वापरू नये. लॉस एंजेलिस पोलिसांनी तसले भाकिती सॉफ्टवेअर 2020 मध्ये बंद केले. जिथे गस्त जाते तिथे नोंदी वाढतात, त्या नोंदी पुन्हा गस्त तिथेच खेचतात, आणि एखादी गरीब वस्ती कायमची लाल राहते.

नकाशा वाटायचा असेल तर सुटे बिंदू काढून 500 मीटरच्या षट्कोनांत मोजणी दाखवावी. ज्या षट्कोनात तीनपेक्षा कमी नोंदी असतील तो कोरा ठेवावा, कारण एका गल्लीतल्या एका नोंदीवरून शेजारी घर ओळखतात.