ऑप्टिप्लेक्स ७०१० च्या सुट्या भागांसाठी कोणतं मशीन घ्यावं: ९९०, ९०२० की दुसरं ७०१०?

डेलचं ऑप्टिप्लेक्स ७०१० अजून रोजच्या कामात आहे, त्यातलं काहीतरी गेलंय किंवा जाईलसं वाटतंय, म्हणून भाग काढायला आणखी एक जुना डबा घेऊन ठेवायचाय. अशा वेळी बहुतेकांचा हात ९०२० कडे जातो. नवं मॉडेल, किंमतही आवाक्यातली. पण सुट्या भागांच्या हिशेबात तेच सगळ्यात निरुपयोगी.

७०१० आलं २०१२ ला, ९०२० त्याच्या पुढच्या वर्षी. मधल्या काळात सॉकेटच, म्हणजे प्रोसेसर बसवायची जागाच, बदललं. ७०१० ला एलजीए ११५५, ९०२० ला ११५०. खाचांची जागा वेगळी असल्याने प्रोसेसर बसतच नाही. एसएमपीएसचंही, म्हणजे मशीनला वीज देणाऱ्या डब्याचंही, तेच. ७०१० ला नेहमीचा २४ पिनांचा कनेक्टर लागतो. ९०२० ला डेलचा स्वतःचा ८ पिनांचा, आणि डिस्कला वीजही मदरबोर्डवरून मिळते. उरली डीडीआर३ रॅम, साटा डिस्क आणि बोर्डावरचा सेल. एवढ्यासाठी अख्खं मशीन कशाला?

९९० चं सॉकेट ७०१० चंच, पण रस्ता एकेरी आहे. त्यातला दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर, आय५-२४०० किंवा आय७-२६००, ७०१० मध्ये मुकाट चालतो. उलट तिसऱ्या पिढीचा आय७-३७७० ९९० मध्ये बसतो, चालत नाही. बंद पडलेलं मशीन उठवायला ९९० ठीक. वेग वाढवायचा असेल तर सरळ सुटा ३७७० शोधा. तो २६०० पेक्षा वीजही कमी खातो, ९५ च्या जागी ७७ वॉट. स्वस्तातलं ऑप्टिप्लेक्स ३०१० सुद्धा प्रोसेसरपुरतं चालेल.

माझं मत दुसऱ्या ७०१० ला, पण आकार बघूनच. टॉवर आणि छोटं एसएफएफ यांच्यात प्रोसेसर, रॅम, डिस्क अदलाबदल होतात. मदरबोर्ड, एसएमपीएस नाहीत. टॉवरमधलं पूर्ण उंचीचं ग्राफिक्स कार्ड एसएफएफमध्ये मावत नाही. सगळ्यात लहान यूएसएफएफला तर लॅपटॉपची रॅम लागते. आणि ऑनलाइन मागवताना सांभाळा: डेलने २०२३ मध्ये ७०१० हेच नाव नव्या मशीनला पुन्हा दिलंय. त्याचा एकही मुख्य भाग इथे लागत नाही.

मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला जाऊन घेणार असाल तर दुकानातच दोन गोष्टी बघा. एसएमपीएसच्या मागे छोटं बटण असतं. वायर लावून दाबलं की शेजारचा हिरवा दिवा लागला पाहिजे. दुसरं, प्रोसेसर काढायला लावा आणि मोबाइलच्या टॉर्चने सॉकेट तिरकं बघा. पिना बोर्डावर असतात, प्रोसेसरवर नाही. ओळीतली एखादी जरी वेगळी चमकली तर ती वाकलीय, तो बोर्ड नको. सुटी रॅम घेताना लेबलवर १२८०० पुढे ‘यू’ आहे ना ते पाहा. ‘आर’वाली सर्व्हरची असते. ती स्वस्त मिळते, स्लॉटमध्ये बसतेही, पण मशीन सुरू होत नाही.

मदरबोर्डच गेला असेल तर सुटा बोर्ड आणून जोडत बसण्यात अर्थ नाही. त्याच आकाराचं चालू ७०१० घ्या आणि आपली डिस्क त्यात टाका. विंडोजचं अॅक्टिव्हेशन मात्र बोर्डाशी बांधलेलं असतं, ते पुन्हा करावं लागू शकतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे हे प्रोसेसर घेत नाही, तेव्हा खर्चाचा आकडा त्या बेताने ठरवा.