ब्लॅक फँग: पिक एक, बोटं तीन

मेटालिका या हेवी मेटल बँडचा गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्ड, त्याच्या नावाचं पिक (गिटारच्या तारा छेडायची छोटी चकती) घेतलं म्हणून आपला हात हेटफिल्डचा होत नाही, हे पंचेचाळिशीत तरी कळायला हवं होतं. तरीही घेतलं. डनलॉप कंपनीचं ब्लॅक फँग, 1.14 मिलिमीटर जाडीचं. अल्टेक्स नावाचं कडक प्लास्टिक, रंग काळा, टोक सुळ्यासारखं निमुळतं. 0.73 आणि 0.94 मध्येही मिळतं.

पहिले दोन दिवस काहीच घडलं नाही. नेहमीसारखं अंगठा आणि तर्जनीत धरलं, मेटालिकाच्या 'मास्टर ऑफ पपेट्स' या गाण्याची रिफ (पुन्हापुन्हा येणारी गिटारची ओळ) सुरू केली आणि थोड्याच वेळात पिक बोटांत फिरायला लागलं. दोष माझ्या पकडीचा होता. मग मैफिलींचे व्हिडिओ लावले आणि चेहरा, माईक, दाढी सगळं सोडून नुसता उजवा हात बघत बसलो. इतकी वर्षं या माणसाला बघतोय, पण हे नजरेतून निसटलंच होतं. एका बाजूने अंगठा, दुसऱ्या बाजूने तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही. पिक तीन बोटांच्या चिमटीत अडकलेलं, बाहेर दिसतं ते जेमतेम टोक.

तसं धरून पाहिलं आणि पिकाचा स्वभावच बदलला. फिरणं थांबलं. निमुळतं टोक तारेत फार खोल रुतत नाही, घासून लगेच सुटतं. तळवा ब्रिजवर (तारा जिथे टेकतात ती पट्टी) टेकवून आवाज दाबला, म्हणजे पाम म्यूट केलं की तो 'चग्' आवाज आता गोळा होऊन येतो, आधी पसरट यायचा. रिफ सारी खालच्या दिशेच्या फटक्यांची, वर जाताना तारेला शिवायचं नाही. मूळ ध्वनिमुद्रणाची गती मिनिटाला सुमारे 212 ठोके, एका ठोक्यात दोन फटके, म्हणजे सेकंदाला सुमारे सात फटके. खाली-वर वाजवलं तर कष्ट निम्मे होतात, पण वर येणारा फटका हलका पडतो आणि सगळी रिफ लंगडायला लागते. हेटफिल्डचा प्रत्येक फटका सारखा, म्हणून ती भिंतीसारखी वाटते. माझं मनगट दीड मिनिटात बोलायला लागतं. तो त्याच वेळी गातोही, आणि शब्दांचा ताल रिफच्या तालापेक्षा वेगळाच चाललेला असतो!

याच गाण्याच्या मधोमध जो संथ, हळवा सोलो येतो, तो बँडचा मुख्य सोलो वाजवणारा कर्क हॅमेट याचा आहे असं मी कित्येक वर्षं समजत होतो. तो हेटफिल्डचा. मेटालिकाच्याच 'नथिंग एल्स मॅटर्स' या गाण्यातला सोलोही त्याचाच. ऱ्हिदमवाला, म्हणजे गाण्याचा ताल धरणारा गिटारवादक, म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाने इतका कमी, इतका नेमका सोलो वाजवावा, याचा मला ऱ्हिदमवाला म्हणून जरा आनंदच आहे.

आणि 'नथिंग एल्स मॅटर्स'मध्येच खरी गंमत आहे. त्याची सुरुवात पिकाने वाजवतच नाहीत. एका हातात फोन होता, म्हणून दुसऱ्या हाताने मोकळ्या तारा छेडत बसला आणि त्यातून ते सुचलं, असं तो सांगत आला आहे. म्हणून तर पहिल्या काही सुरांना डावा हात लागत नाही. नवशिका पहिल्याच दिवशी ते वाजवून खूश होतो, दुसऱ्या दिवशी पुढचं बघून गिटार भिंतीला टेकवतो. मैफिलीत मात्र शेवटच्या सुरानंतर हाच माणूस हातातलं पिक कॅमेऱ्यासमोर धरतो, मोठ्या पडद्यावर ते भाकरीएवढं दिसतं. बिनपिकाने सुरू केलेल्या गाण्याचा निरोप पिक दाखवून!

आता कोणी घ्यावं? नुसते कॉर्ड झोडपत गाणी म्हणणाऱ्यांनी 1.14 च्या वाटेला जाऊ नये, हात जड होईल. रिफ वाजवणाऱ्यांनी 1.14 किंवा 0.94 घ्यावं, पण आधी आहे त्याच पिकावर तीन बोटांची पकड आठवडाभर करून बघावी. मधलं बोट गुंतल्यामुळे पिक आणि बोटं मिळून तारा छेडायची सवय असेल, तर ती अडते. माझी अडली. 0.73 चं एक आणलंय, ते गिटारच्या पेटीत पडून आहे.