बनाल, ट्राइट की पेडेस्ट्रियन? ‘यात नवं काही नाही’ हे इंग्रजीत सांगताना

परीक्षण लिहायचंय किंवा कुणाच्या मसुद्यावर इंग्रजीत शेरा मारायचाय, आणि म्हणायचं एवढंच आहे की यात नवं काही नाही. थिसॉरस (समानार्थी शब्दांचा कोश) उघडला की डझनभर शब्द एका ओळीत हजर होतात, जणू कुठलाही उचलला तरी चालेल. चालत नाही. आधी तक्रार कसली आहे ते ठरवा. गोष्ट नुसती साधी आहे, वापरून वापरून गुळगुळीत झाली आहे, की दुसऱ्याचं पाहून केलेली आहे? साधेपणात कुणाचाच दोष नसतो. उचलेगिरीत मात्र करणाऱ्यावर थेट बोट रोखलं जातं.

सगळ्यात जास्त गोंधळ मधल्या गटात होतो. ‘ट्राइट’ हा लॅटिनमधल्या घासणे या क्रियापदावरून आलेला शब्द. म्हणजे त्या वाक्याला कधीकाळी धार होती, ती झिजली. सांत्वनाच्या पत्रातलं ‘टाइम हील्स ऑल वून्ड्स’ घ्या. खोटं काहीच नाही त्यात, पण वाचणाऱ्याच्या मनाला ते शिवतही नाही. हे ट्राइट. ‘बनाल’ला धारेचा इतिहास लागत नाही. सरंजामी फ्रान्समध्ये रयतेला जमीनदाराचीच गिरणी आणि त्याचीच भट्टी वापरावी लागे. या सक्तीच्या सामायिक गोष्टींना बनाल म्हणत. सर्वांची ती सामान्य, आणि सामान्य ती नीरस, असा अर्थ सरकत गेला. आज बनाल म्हणजे मुळातच पोकळ, ज्यात विचार असा कधी नव्हताच. नाझी अधिकारी आइकमनवरच्या 1961 च्या खटल्याबद्दल लिहिताना विचारवंत हॅना आरेन्टने ‘बनॅलिटी ऑफ ईव्हिल’ (दुष्टपणाचा नीरस सामान्यपणा) म्हटलं, ते याच अर्थाने: भयंकर कृत्यं करणारा माणूस, पण बोलतो छापील वाक्यं आणि विचाराच्या नावाने शून्य. तिथे ट्राइट बसवून पाहा, वाक्य कोसळतं.

‘हॅकनीड’चा पिंड ट्राइटचाच, पण रोख अतिवापरावर जास्त. मूळ शब्द भाड्याने मिळणाऱ्या घोड्याचा: ज्याने त्याने स्वार व्हावं आणि जनावर थकून जावं. सुट्या वाक्यापेक्षा कथानकाला, युक्तीला हा जास्त शोभतो. ‘आणि तेवढ्यात तो जागा झाला, सगळं स्वप्न होतं’ हा शेवट हॅकनीड. ‘क्लिशे’ मात्र मुळात नाम आहे. ‘व्हेरी क्लिशे’ असं सर्रास बोलतात, शब्दकोशांनीही त्याला जागा दिली आहे, तरी चोखंदळ संपादक ‘क्लिशेड’ करायला लावतोच. हा शब्द फ्रेंच छापखान्यातला, पुन्हा पुन्हा छापण्यासाठी ओतून ठेवलेल्या धातूच्या प्लेटचा. आपण ‘छापील उत्तर’ म्हणतो तेव्हा नकळत त्याच छापखान्यात उभे असतो.

उचलेगिरीच्या गटात ‘डेरिव्हेटिव्ह’ सर्वांत जबाबदारीचा शब्द. तो लिहिलात की ‘कुणावरून?’ हा प्रश्न येणारच, आणि उत्तर तयार नसेल तर लिहू नये. मूळ कृती दाखवता येत नाही, नुसताच ठरावीक साचा दिसतो, तेव्हा ‘फॉर्म्युलेइक’ घ्या. एक लक्षात असू द्या: रहस्यकथेचा वाचक तो साचाच मागत असतो, त्यामुळे तिथे हा शेरा फारसा बोचत नाही. ‘जेनेरिक’ औषधाबद्दल निर्दोष, लोगोबद्दल अपमान.

राहिला साधेपणा. इथे ‘मंडेन’ बिनधोक आहे: रोजची कामं, रोजचे तपशील. ‘रन-ऑफ-द-मिल’ गिरणीतून निवड न करता आलेल्या मालावरून पडलेला शब्द. मालिकेचा एखादा भाग, एखादं सॉफ्टवेअर यांना ठीक. ‘व्हॅनिला’ अनौपचारिक, पण संगणकवाल्यांच्या तोंडी त्यात तुच्छता नसते. ‘व्हॅनिला जावास्क्रिप्ट’ म्हणजे वर कुठलंही फ्रेमवर्क न चढवलेली, आणि ते काही जण ऐटीत सांगतात. ब्रिटिशांचा ‘बॉग-स्टँडर्ड’ मित्रांत चालतो, व्यासपीठावर नाही. तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान टोनी ब्लेअर यांचे प्रवक्ते ॲलिस्टर कॅम्पबेल 2001 मध्ये सरकारी शाळांबद्दल तो बोलून बसले आणि टीकेचे धनी झाले.

दिसायला सौम्य असलेल्या तीन शब्दांपासून सावध. ‘पेडेस्ट्रियन’ रस्त्यावर पादचारी, पण लेखनाबद्दल वापरला की ‘याला पंख नाहीत, फरफटत चाललंय’ एवढं झोंबणारं. मेहनत दिसते, प्रतिभा दिसत नाही, असं म्हणायचं असेल तर माझ्या मते याच्याइतका नेमका शब्द नाही, फक्त तो शत्रुत्व पत्करून वापरावा. ‘मिडीऑकर’ला अनेक जण ‘मध्यम’ समजतात. तो मध्यम नव्हे, सुमार. शिफारसपत्रात गेला तर उमेदवाराचा निकाल तिथेच लागतो. तिथे ‘सॉलिड’ किंवा ‘कॉम्पिटंट’ लिहा, तेही जपून. आणि ‘कॉमन’: वस्तूंबद्दल निरुपद्रवी, पण ब्रिटिश बोलण्यात माणसाला लावला तर ‘हलक्या चालीचा’. तिथे निमूट ‘ऑर्डिनरी’ घ्यावा.