फेडिंग मोजायला प्लूटो एसडीआर: बँडविड्थ हवी की वेळ, आधी ठरवा

अ‍ॅनालॉग डिव्हायसेसचा अडाल्म-प्लूटो (सॉफ्टवेअरवर चालणारा छोटा रेडिओ, म्हणजे एसडीआर) चॅनल एस्टिमेशनच्या, म्हणजे वाटेत सिग्नलचं काय होतं ते मोजण्याच्या, प्रयोगांना पुरतो का? पुरतो, पण त्याचा यूएसबी २.० आडवा येतो.

चिप २० मेगाहर्ट्झ रुंदीपर्यंतचा सिग्नल घेते. २० एमएसपीएसला (सेकंदाला २ कोटी सॅम्पल, प्रत्येकी ४ बाइट) सेकंदाला ८० एमबी डेटा होतो आणि यूएसबीची कागदावरची मर्यादाच ६० एमबी. सलग रेकॉर्डिंग ४-५ एमएसपीएसच्या पुढे गेलं की सॅम्पल गळतात, आणि प्लॉटमध्ये ती गळती हुबेहूब फेडिंगसारखी (सिग्नल मध्येच क्षीण होण्यासारखी) दिसते. खोलीतला डिले स्प्रेड (वेगवेगळ्या वाटांनी येणाऱ्या लाटांच्या वेळांतला फरक) दहा ते शंभर नॅनोसेकंदांच्या दरम्यान. १ मेगाहर्ट्झमध्ये तो चॅनल सपाटच दिसणार. पायलट (आधीच माहीत असलेले सिग्नल) आणि त्यांच्या मधल्या जागांचा अंदाज, म्हणजे इंटरपोलेशन, तपासायचं तर पूर्ण २० मेगाहर्ट्झ हवेत. उपाय म्हणजे एकेक बफर उचलणं: २,६२,१४४ सॅम्पल, म्हणजे साधारण १३ मिलिसेकंद. पण २.४५ गिगाहर्ट्झला चालत्या माणसाचा डॉप्लर (हालचालीमुळे फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक) १२ हर्ट्झच्या आसपास, कोहेरन्स टाइम (चॅनल जवळपास तसाच राहतो तो काळ) ३० मिलिसेकंदांच्या वर. म्हणजे १३ मिलिसेकंदांत चॅनल जेमतेम हलतो. वेळेनुसार होणारा बदल बघायचा असेल तर १ एमएसपीएसवर वेगळं रेकॉर्डिंग करा.

सुरुवात केबलने करा. एकाच बोर्डाच्या टीएक्स (पाठवणारं टोक) आणि आरएक्स (घेणारं टोक) यांमध्ये ३० डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल कमजोर करणारा तुकडा) घाला. तो विसरलात तर आरएक्सवर मर्यादेपेक्षा जास्त पॉवर जाऊ शकते. क्लॉक एकच असल्याने फ्रिक्वेन्सी ऑफसेट (दोन्ही टोकांच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) नसतो, त्यामुळे लीस्ट स्क्वेअर्सचं उत्तर (आलेला पायलट भागिले पाठवलेला) सपाट यायला हवं. नाही आलं तर चूक बहुधा कोडमध्ये आहे.

दोन बोर्ड घेतले की खरी गंमत. प्रत्येकाचा क्रिस्टल ±२५ पीपीएम (दहा लाखांत २५ इतका चुकणारा), म्हणजे २.४५ गिगाहर्ट्झला दोघांत १२२ किलोहर्ट्झपर्यंत फरक. सिग्नल अनेक छोट्या वाहक लाटांत, म्हणजे सबकॅरिअरांत, वाटलेला असतो; ६४ सबकॅरिअर (६४ एफएफटी) आणि त्यांच्यात ३१२.५ किलोहर्ट्झ अंतर ठेवलं तर हा फरक अर्ध्या सबकॅरिअरच्या आत राहतो आणि सायक्लिक प्रीफिक्सवरून (सिम्बॉलच्या शेवटाची सुरुवातीला लावलेली प्रत) काढता येतो. १५ किलोहर्ट्झ अंतरावर तो कित्येक सबकॅरिअर सरकतो. तिथे आधी प्रीअँबलवरून (सुरुवातीला पाठवलेल्या ओळखीच्या सिग्नलवरून) ढोबळ अंदाज लागतो. नॉइज कमी करायला प्रत्येकी ४ मायक्रोसेकंदांच्या ६४ सिम्बॉलची सरासरी घेताना १ किलोहर्ट्झ ऑफसेट जरी उरला, तरी २५६ मायक्रोसेकंदांत फेज पाव फेरा फिरते आणि सरासरीच खोटी ठरते. एमएमएसई (नॉइज लक्षात घेऊन अंदाज सुधारणारी पद्धत) लावण्याआधी हे निस्तरा.

डिफॉल्ट एजीसी (गेन आपोआप कमी-जास्त करणारी सोय) ऑटोवर असतो. त्याने मध्येच गेन बदलला की एस्टिमेटर त्यालाच चॅनल समजतो, म्हणून मोड मॅन्युअल करा. मधला सबकॅरिअर रिकामा ठेवा, तिथे डीसीचा सुळका (रेडिओच्या स्वतःच्या दोषाने शून्य फ्रिक्वेन्सीवर उठणारा खोटा सिग्नल) बसलेला असतो. ट्यूनिंगनंतरचे पहिले काही बफर फेकून द्या, त्यांत जुनाच डेटा असतो.

सोबतचे अँटेना ८२४-८९४ आणि १७१०-२१७० मेगाहर्ट्झचे आहेत. २.४ गिगाहर्ट्झसाठी वेगळे घ्या. आणि अँटेना ६ सेंटीमीटर सरकवून बघा: भिंतींवरून येणाऱ्या लाटा एकमेकींना खातात ती जागा तेवढ्यात सापडू शकते.