डस्ट माइट अडवणारी गादीची खोळ : वर्षभराच्या वापरानंतर

चिपळूणच्या पावसाळ्यात घरातली हवा महिनोन्महिने दमट राहते आणि गादीतल्या डस्ट माइटना, म्हणजे धुळीतल्या सूक्ष्म किड्यांना, नेमके तेच मानवते. मुलीला सकाळी उठताच शिंकांची सर येत असे, म्हणून गेल्या जूनमध्ये आम्ही सगळी गादी चेनने बंद होणारी ही खोळ घेतली.

त्रास होतो तो मुख्यतः या किड्यांच्या विष्ठेचा. तिचे कण साधारण २० मायक्रॉनचे असतात आणि त्यांत डर पी १ नावाचे, प्रथिने तोडणारे विकर असते. श्वासमार्गाच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींशी घट्ट सांधलेल्या असतात आणि हे विकर तेच सांधे उसवते. डिवचल्या गेलेल्या पेशी टीएसएलपी आणि आयएल-३३ यांसारखे रासायनिक संदेश सोडून रोगप्रतिकारक पेशींना सावध करतात, आणि त्यातूनच पुढे अ‍ॅलर्जीची आयजीई प्रतिपिंडे तयार होण्याचा मार्ग खुला होतो. तीव्र दम्यासाठी २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले टेझेपेलुमॅब हे औषध टीएसएलपीलाच अडवते. अस्तर म्हणजे नुसती भिंत नव्हे, हे ध्यानात आले तेव्हापासून मी त्याच्यापर्यंत पोहोचणारा मारा कमी करण्याला फार महत्त्व देते.

त्या दृष्टीने खोळीचे कापड उत्तम आहे: वीण दाट असूनही त्यावर घाम साचत नाही आणि प्लास्टिकसारखी करकर होत नाही. चेनच्या टोकाला मात्र करंगळी जाईल एवढी फट राहत होती. ती मी आतून पट्टी शिवून बंद केली. कापडाच्या छिद्रांचा आकार, जो अशा खोळीत सर्वांत महत्त्वाचा, तो वेष्टनावर कुठेच छापलेला नाही, आणि दोनदा विचारूनही विक्रेत्याने सांगितला नाही, याची मला खरोखर चीड आली.

मुलीच्या सकाळच्या शिंका निम्म्याने कमी झाल्या. याचे श्रेय एकट्या खोळीला देणे मला पटत नाही, कारण चादरीही आम्ही दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुऊ लागलो. ब्रिटनमध्ये दम्याच्या १,१२२ प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसत्या खोळींनी फारसा फरक पडला नव्हता. शिवाय आधीच झालेली अ‍ॅलर्जी खोळीने जात नाही. औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने चालूच आहेत.

संचात उशीचा अभ्रा नाही, तो वेगळा घ्यावा लागला. नाक रात्रभर टेकलेले असते ते उशीलाच, त्यामुळे घेणाऱ्यांनी आधी अभ्रा मागवावा, गादीची खोळ नंतर.